बावीस वर्षांच्या फासळ्या

सोमवारी सकाळी धान्य सहकारी संस्थेचे व्यवस्थापक इंजिनियर तेसोरे यांनी सगळ्यांना कचेरीत बोलावून सांगितलं, की संस्था आता नवा विभाग काढणार आहे. विभागाचं नाव ‘भाव-जोखीम व्यवस्थापन’. माणूस एकच, पण त्याला स्वतंत्र खोली, फिरती खुर्ची आणि एसी. एसीचं नाव निघताच मागे उभ्या असलेल्या रुबेन बोनादेओला शिंक आली. एरवी तो शिंक दाबायचा, आज त्यानं ती मोकळेपणानं दिली.

रुबेनची शिंक आमच्या सान हेर्वासियो गावात सगळ्यांच्या ओळखीची आहे. एकोणीस वर्षं तो संस्थेच्या फाटकावर नमुने काढतोय. सोयाबीनचा ट्रक आला की वर चढायचं, दीड पुरुष लांबीची पोकळ सळई धान्यात खुपसायची, नमुना काढायचा आणि ओल किती, कचरा किती ते सांगायचं. शेतकरी शिव्या देतो ते वेगळंच, पण ती धूळ नाकातून मेंदूपर्यंत जाते. डॉक्टरांनी त्याला स्वच्छ सांगितलं होतं, नोकरी बदल नाहीतर नाक बदल. नाक बदलायची सोय आमच्या दवाखान्यात नव्हती. म्हणून रुबेननं पत्राद्वारे बाजारशास्त्राचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केला, चव्वेचाळिसाव्या वर्षी, नाकाला रुमाल लावून. ही खुर्ची मिळाली नाही तर पुढची एकोणीस वर्षंही फाटकावरच जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

नव्या विभागाचं काम तसं सोपं. नोव्हेंबरात पेरणी झाली की शेतकरी घोकत बसतो, मे महिन्यात भाव पडला तर काय? त्याला संस्थेनं बाजारातून विमा काढून द्यायचा. आज थोडा हप्ता भरायचा. मेमध्ये भाव ठरल्यापेक्षा खाली गेला तर फरक मिळणार, नाही गेला तर हप्ता बुडाला. शहरातले लोक याला ‘ऑप्शन’ म्हणतात आणि ते म्हणताना टाय नीट करतात.

“मला पुरावा पाहिजे,” इंजिनियरसाहेब म्हणाले. “गेली वीस वर्षं आपण हा विमा घेतला असता तर सभासदांचं काय झालं असतं? आकडे दाखवा. गुरुवारी संचालकांची बैठक आहे. ज्याचा पुरावा पटेल त्याची खुर्ची.”

“आणि आकडे आणायला पैसे?” रुबेननं विचारलं.

“स्टेशनरीत चाळीस डॉलर उरलेत.”

दुसरा उमेदवार होता साहेबांचा पुतण्या लिसान्द्रो, रोसारिओत शिकलेला. खुर्चीचं माप त्याच्याच बुडाचं घेतलंय असं गावात उघड बोललं जात होतं. लिसान्द्रोनं चाळीस डॉलरांतला एकही मागितला नाही, यावरूनच रुबेननं सावध व्हायला हवं होतं.

आता सोयाबीनचा जुना भाव शोधणं आमच्याकडे अवघड नाही. इथे शेताचं भाडं सोयाबीनच्या क्विंटलात ठरतं, ट्रॅक्टर सोयाबीनवर घेतात, गेल्या वर्षी पाद्रीबाबांनी चर्चचं छप्पर किती क्विंटलात होईल ते प्रवचनातच सांगून टाकलं. वाचनालयात जुन्या वर्तमानपत्रांच्या चवडी होत्या. सोमवारची सगळी संध्याकाळ शिंकत बसून रुबेननं वीस-बावीस वर्षांचे भाव उतरवून काढले, तेही फुकट. घोडं अडलं ते विम्याच्या हप्त्यापाशी. कुठल्या साली, कुठल्या भावाचा विमा कितीला मिळत होता, हे कुठल्याच वर्तमानपत्रानं छापलेलं नव्हतं.

त्यानं शिकागोच्या एका कंपनीला फोन लावला. तिथली बाई इतकं गोड बोलली, की रुबेनला वाटलं फुकटच देतेय. मग तिनं किंमत सांगितली, वर्षाला अठरा हजार डॉलर. रुबेननं विचारलं, थोडं जुनं, वापरलेलं असं काही मिळेल का? बाई हसली नाही. तिनं मासला म्हणून एक फाइल पाठवली, ती निघाली गोठवलेल्या संत्र्याच्या रसाची, एकाच फेब्रुवारी महिन्याची. सान हेर्वासियोत संत्र्याचं झाडसुद्धा नाही.

मंगळवारी त्याला रोसारिओचा एक माणूस सापडला. पंचवीस वर्षांचा सगळा इतिहास एका डिस्कवर, तीस डॉलर फक्त. रुबेन रजा टाकून बसनं गेला. माणूस एका कुलपं-किल्ल्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसत होता. रुबेननं तीस डॉलर मोजले, डिस्क छातीशी धरून परत आला आणि घरी येऊन उघडली. आकडे सुरेख होते, एकही रकाना रिकामा नव्हता. नाताळच्या दिवशीही सौदे झाले होते, गुड फ्रायडेलाही झाले होते. आणि आपला संघ विश्वचषकाची अंतिम फेरी खेळत होता त्या रविवारी, ऐन सामना चालू असताना, चार हजार सौदे. त्या दिवशी आमच्या देशात चोरसुद्धा कामावर गेले नव्हते. रुबेननं कपाळावर हात मारला आणि फोन लावला.

“हे आकडे तुम्ही मनानं बनवलेत?”

“सगळे नाही हो,” तो माणूस दुखावून म्हणाला. “आणि सरासरी बघा की. सरासरी कशी बरोबर बसलीय.”

बुधवारी दुपारी रुबेन हात टेकून क्लबात जाऊन बसला. क्लब म्हणजे लोखंडी गोळ्यांच्या खेळाचं मैदान, पत्त्यांची सहा टेबलं आणि मागे सुलेमा पियात्तीचं स्वयंपाकघर. सुलेमा एकसष्ट वर्षांची, दणकट बाई. सत्तावीस वर्षं हे स्वयंपाकघर तिच्या ताब्यात होतं, आणि गावातले झाडून सगळे बाप्ये तिच्या हातचं खाऊन तिलाच स्वयंपाक शिकवायचे. तिनं रुबेनचा चेहरा पाहिला आणि त्याला आत बोलावून कांदे सोलायला बसवलं, कारण रडायचंच आहे तर काहीतरी उपयोग होऊ दे, असं तिचं म्हणणं पडलं.

कांदे सोलता सोलता रुबेनची नजर भिंतीवर गेली. खाटिकाकडून दरवर्षी फुकट मिळणारं कॅलेंडर तिथे टांगलेलं होतं. त्याच्यामागे गेल्या वर्षीचं, त्यामागे त्याच्या आदल्या वर्षीचं, अशी बावीस कॅलेंडरं एकाच खिळ्यावर, आणि खिळा बिचारा वाकलेला. नोव्हेंबरच्या चौकोनांत बारीक अक्षरांत काहीबाही लिहिलं होतं. ‘गांदोल्फो, ३१०, सहा किलो.’ ‘फेरेरो, ३००, साडेचार किलो.’ मेच्या पानावर एखाद्याच वर्षी लिहिलेलं, ‘गांदोल्फो, तीन कोकरं.’

“दोन्या सुलेमा, हे काय आहे?” त्यानं विचारलं. ‘दोन्या’ म्हणजे आमच्याकडे ‘बाईसाहेब’.

सुलेमानं सुरी चालू ठेवूनच सांगितलं. पेरणी झाली की हे लोक इथे येऊन रात्रंदिवस भावाची काळजी करत बसतात आणि जेवण गार होऊ देतात. म्हणून तिनं एक सोय काढली. ज्याला भीती वाटते त्यानं आत्ता खाटिकाकडून काही किलो फासळ्या आणून द्यायच्या. मेमध्ये भाव त्यानं सांगितलेल्या आकड्याखाली गेला, तर दर दहा डॉलरमागे त्याला एक कोकरू. नाही गेला तर काही नाही.

“पण कोकरं देतं कोण?”

“असतं कोणीतरी,” सुलेमा म्हणाली. “नाव सांगू नको म्हणालंय.”

रुबेनच्या हातातला कांदा खाली पडला. शिकागोची बाई ज्याचे अठरा हजार डॉलर मागत होती ते इथे तेलकट भिंतीवर टांगलेलं होतं. विम्याचा भाव होता, मुदत होती, हप्ता होता, भरपाईही होती. फक्त डॉलरांऐवजी फासळ्या होत्या, आणि फासळ्यांचा जुना भाव खाटिकाच्या वहीत मिळत होता.

उरलेले दहा डॉलर त्यानं टेबलावर ठेवले. सुलेमानं ते अ‍ॅप्रनच्या खिशात टाकले, वर त्याच्याकडून मांस भाजायची जाळी घासून घेतली आणि एकच अट घातली, की कुणाचं नाव बाहेर येता कामा नये. रुबेननं आईची शपथ घेतली. नावांच्या जागी त्यानं सभासद क, सभासद ख असं लिहिलं आणि त्या संध्याकाळी सगळा हिशेब मांडला. मग उत्तर पाहून त्यानं तो पुन्हा पहिल्यापासून मांडला.

बावीस वर्षांत सभासदांनी तीन हजार आठशे किलो फासळ्या दिल्या होत्या. भाव खाली गेला होता फक्त तीन वर्षी, आणि त्यांना परत मिळाली होती एकसष्ट कोकरं. कोकरू बारा किलोचं धरलं, तर पाच किलो द्यायचे तेव्हा एक किलो परत, असा तो विमा. म्हणजे इंजिनियरसाहेबांना जे सिद्ध करून हवं होतं त्याच्या नेमकं उलट सिद्ध झालं होतं. हे घेऊन बैठकीत जायचं म्हणजे आपल्याच खुर्चीचे पाय आपण कापायचे. रुबेननं पाच-सहा आकडे बदलूनही पाहिले. एकदम छान दिसायला लागलं, सरासरीही बरोबर बसली. सरासरी बसली म्हटल्यावर त्याला तो किल्ल्यांच्या दुकानातला माणूस आठवला आणि त्यानं लाजून सगळे आकडे परत होते तसे केले.

गुरुवारी संस्थेच्या सभागृहात बियाण्यांच्या गोण्या पडल्या होत्या, म्हणून बैठक क्लबाच्या मागच्या दालनात भरली. नऊ संचालक, मध्ये अध्यक्ष गांदोल्फो, बाजूला इंजिनियरसाहेब. लिसान्द्रो आधी उभा राहिला. पडद्यावर त्यानं एक डोंगर दाखवला, डोंगर चढणारा माणूस दाखवला, मग एकमेकांत मिळवलेले दोन हात दाखवले. आकडा एकही नव्हता. जगभरातला अनुभव आपल्या बाजूनं आहे, असं तो म्हणाला, आणि इंजिनियरसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. दोन संचालक त्या टाळ्यांनी जागे झाले.

मग रुबेन उठला. शिंक आवरत त्यानं सांगितलं, की आपल्याच गावातल्या खऱ्या व्यवहारांची ही माहिती आहे, नावं गुप्त ठेवली आहेत. मग त्यानं पहिलं पान पडद्यावर टाकलं. ‘सभासद क: भाव ३६०, हप्ता अकरा किलो.’

अध्यक्ष गांदोल्फो पुढे झुकले. अकरा किलो फासळ्या माणूस विसरत नाही, आणि त्या वर्षी गावात अकरा किलो देण्याइतका घाबरलेला माणूस एकच होता.

“हा ‘क’ म्हणजे मी की काय?” ते म्हणाले.

रुबेन म्हणाला की ते गुप्त आहे.

“गुप्त कसलं डोंबलाचं. अकरा किलो. आणि हा खाली ‘ख’ कोण? सात किलो? त्याच वर्षी, त्याच भावाला मला अकरा आणि याला सात?”

ख म्हणजे शेजारी बसलेला फेरेरो. तो छताकडे पाहू लागला, आणि तेवढ्यानं सगळ्यांना कळलं. पुढच्या दहा मिनिटांत नऊही संचालकांनी आपापली अक्षरं ओळखली. कुणी कुणापेक्षा किती किलो जास्त दिले ते पडद्याजवळ जाऊन बोटं लावून मोजलं. बावीस वर्षं ज्यांनी एकमेकांना ‘मला नाही बुवा भीती वाटत’ असं सांगितलं होतं त्यांच्या भीतीचं वजन किलोत पडद्यावर लागलं होतं. रुबेन पान बदलायला गेला तर त्याला कुणी बदलू देईना.

मग गांदोल्फोंनी खरा प्रश्न काढला, “मग समोरची पार्टी कोण होती? माझ्या फासळ्या गिळत कोण होतं?”

इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की तो फेरेरोच. फेरेरोला वाटत होतं गांदोल्फो. उरलेल्या सातांनी या दोघांपैकी एकेक वाटून घेतला होता. फेरेरो म्हणाला, “मी असतो तर स्वतःच सात किलो दिले असते का?” नऊ माणसं एकमेकांकडे पाहत बसली. संस्थेचे सगळे मोठे शेतकरी त्या खोलीत होते आणि कोकरं देणारा त्यांच्यात नव्हता.

त्याच वेळी सुलेमा गरम एम्पानादांचं, म्हणजे खिम्याच्या करंज्यांचं, ताट घेऊन आत आली. पडद्यावर तिची नजर गेली, मग रुबेनवर. रुबेननं मान खाली घातली.

“सुलेमा, तुला माहीत असणार,” गांदोल्फो म्हणाले. “फासळ्या तू कुणाकडे पोचवत होतीस?”

सुलेमानं ताट टेबलावर ठेवलं, हात पुसले. आता लपवून काही उपयोग नाही हे तिनं ताडलं होतं.

“कुणाकडे म्हणजे? माझ्याकडेच.”

“तू? आणि केल्यास काय इतक्या फासळ्या?”

“रविवारी भाजल्या. तुम्हीच खाल्ल्यात. ताटाचे पैसे देऊन.”

गांदोल्फोंनी ते सावकाश समजून घेतलं.

“म्हणजे माझ्या फासळ्या मीच विकत घेऊन खाल्ल्या?”

“हो. आणि वर मीठ कमी आहे म्हणून कुरकूर केलीत, अध्यक्षमहाराज.”

इंजिनियरसाहेबांना हे सगळं अत्यंत अशास्त्रीय वाटलं. हप्ता कुठल्या सूत्रानं ठरवत होता, असं त्यांनी बाईंना जरा दरडावूनच विचारलं. सुलेमानं सांगितलं, की सूत्रबित्र काही नाही. माणूस आत आला की ती बघायची, हात पँटला किती वेळा पुसतो, रेडिओचा आवाज मोठा करायला सांगतो का, बायकोचं नाव किती वेळा काढतो. जितकी घालमेल तितके किलो. फेरेरो बायकोचं नाव काढत नाही म्हणून त्याला सात, अध्यक्षांनी एका कॉफीत नऊ वेळा काढलं म्हणून अकरा.

“आणि भाव खरंच पडला तर? एका वर्षी चोवीस कोकरं द्यावी लागली. कुठून आणलीत?”

“दिराची मेंढरं आहेत. त्याच्याशी नोव्हेंबरातच दर ठरवून ठेवते, घ्यायची मेमध्ये. मे उजाडल्यावर कोकरं महाग होतात, तेव्हा कोण बसणार घासाघीस करत?”

बाईनं विमा विकला होता आणि स्वतःची बाजू वायद्यानं बांधूनही घेतली होती. त्याच्या पत्रांतल्या अभ्यासक्रमात हे शेवटून दुसऱ्या धड्यात होतं आणि त्याला ते दोनदा वाचूनही कळलं नव्हतं. उत्साहाच्या भरात त्यानं ते संचालकांना मोठ्यानं समजावून सांगितलं, फळ्यावर आकृतीसुद्धा काढली. बावीस वर्षांच्या हिशेबात तोटा नाही, असा माणूस शिकागोतही सापडायचा नाही, असं तो म्हणाला. इतकं चांगलं तो आयुष्यात बोलला नव्हता. बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण कुणाची शिफारस केली.

संचालकांनी रुबेनला आणि लिसान्द्रोला बाहेर बसवलं. एम्पानादा आतच राहिल्या. वीस मिनिटांनी दार उघडलं आणि निर्णय वाचून दाखवण्यात आला: पुरावा रुबेन बोनादेओ यांचा ग्राह्य, नेमणूक श्रीमती सुलेमा पियात्ती यांची. ठरावाच्या बाजूनं नऊ मतं. त्यांना वाटलं असावं, की ही बाई आपल्या विरुद्ध बसण्यापेक्षा आपल्या बाजूला बसलेली बरी. सुलेमानं पगार विचारला, वाढवून घेतला, हाताखाली एक माणूस निवडायची मुभा मागून घेतली आणि सांगितलं, की रविवारचं जेवण ती सोडणार नाही. इंजिनियरसाहेब घरी गेले. लिसान्द्रोही गेला, डोंगर गुंडाळून.

दालनात रुबेन एकटा उरला. स्वतःच्या हातानं शोधून काढलेल्या आकड्यांनी त्याची खुर्ची दुसऱ्याला दिली होती, आणि राग करावा तर त्या आकड्यांत एक चूक नव्हती. तो स्वयंपाकघरात गेला. सुलेमा जाळी खाली उतरवत होती.

“दोन्या सुलेमा, अभिनंदन,” तो म्हणाला, आणि मग त्याच्यानं राहवेना. “पण मग माझं काय? सोमवारी परत फाटकावरच का मी?”

सुलेमानं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं हात पँटला पुसले. मग पुन्हा पुसले.

“विमा घे की,” ती म्हणाली. “वर्षभरात तुला फाटकावर पाठवलं तर मी तुला सहा कोकरं देईन.”

“आणि हप्ता?”

तिनं त्याला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“नऊ किलो.”

नऊ किलो म्हणजे दरोडाच होता. रुबेन घासाघीस करायला तोंड उघडणार, इतक्यात त्याच्या मनात बावीस वर्षांचे आकडे सरकन फिरले. सुलेमा ज्या संकटाचा विमा उतरवते ते बावीसातल्या एकोणीस वेळा येत नाही, हे त्याच्याइतकं पक्कं गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि त्याला फाटकावर पाठवायचं की एसीच्या खोलीत बसवायचं, ते सोमवारपासून तीच ठरवणार होती. सहा कोकरं सोडायला ती काही वेडी नव्हती. खाटिक सातला दुकान बंद करायचा, म्हणून रुबेन तसाच धावत सुटला.